पायाखालचा गालिचा आणि घरातील हवा

घाटकोपरची नवरोजी लेन असो, मुलुंडचा झवेर रोड असो, बोरिवलीचे दौलतनगर असो वा अंधेरीतील जुन्या सोसायट्या असोत. गेल्या काही वर्षांत या साऱ्या वस्त्यांचे रूप पालटले आहे. तीन-चार मजल्यांच्या इमारती पाडून तेथे उंच मनोरे उभे राहत आहेत आणि वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात काढलेली कुटुंबे नव्या घराचा ताबा घेत आहेत. ताबा मिळाला की महाराजसाहेबांना विचारून कुंभस्थापनेचा मुहूर्त ठरतो. मुहूर्त ठरला की सुतार, रंगारी, पॉलिशवाला आणि पडदेवाला यांची त्या तारखेशी शर्यत सुरू होते. आदल्या रात्री कपाटांवर शेवटचा हात फिरतो, दिवाणखान्यात नवा गालिचा अंथरला जातो आणि सकाळी नवकार मंत्राच्या उच्चारात कुटुंब घरात पाऊल ठेवते. त्या वेळी प्रत्येक पाहुण्याला एक गोडसर, किंचित झोंबणारा वास जाणवतो. ‘नव्या घराचा वास’ म्हणून त्याचे कौतुकही होते.

हा वास मंगलतेचा नसतो. रंगातील द्रावके, लाकडी पाट्यांतील डिंक, पॉलिशमधील थिनर आणि गालिच्याच्या पाठीवरील लेप यांतून सुटणाऱ्या वायूंचा तो वास असतो. रसायनशास्त्रात या वायूंना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. बाजारात ‘व्हीओसी’ हे त्यांचे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. त्यांतील काही डोळ्यांना आणि घशाला चुरचुर आणतात, काही डोकेदुखी आणि मळमळ घडवतात, तर काहींचा दीर्घकाळचा सहवास अधिक गंभीर आजारांना निमंत्रण देतो. घरात सर्वाधिक वेळ कोण असते, याचा विचार केला तर प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. दुकानदार गृहस्थ दिवसभर पेढीवर असतो. घरी असतात ती गर्भवती सून, रांगते बाळ आणि जमिनीवर आसन घालून सामायिक करणारी वृद्ध सासू. म्हणजे जे शरीराने सर्वांत नाजूक आणि जमिनीच्या सर्वांत जवळ, त्यांच्याच वाट्याला ही हवा अधिक येते.

गालिच्याच्या बाबतीत हा धडा जगाला एका विलक्षण ठिकाणी मिळाला. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे हवा-पाण्याच्या शुद्धतेवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते, तिच्या वॉशिंग्टन येथील मुख्यालयात १९८७-८८ च्या सुमारास नूतनीकरण झाले आणि नवे गालिचे बसवले गेले. त्यानंतर अनेक कर्मचाऱ्यांना डोळ्यांची आग, घसा धरणे, श्वासाचा त्रास अशा तक्रारी सुरू झाल्या. काहींना त्या इमारतीत बसून काम करणेही अशक्य झाले. संशयाची सुई गालिच्याच्या पाठीवरील कृत्रिम रबराच्या लेपाकडे वळली. नव्या गालिच्याचा म्हणून जो विशिष्ट वास ओळखला जातो, तो या लेपात तयार होणाऱ्या ४-फिनाइलसायक्लोहेक्झीन या संयुगाचा. ते हवेत अत्यल्प प्रमाणात असले तरी नाकाला कळते. त्रास नेमक्या कोणत्या द्रव्याने झाला यावर तज्ज्ञांत पुढेही वाद चालला. परंतु संस्थेला मोठ्या प्रमाणावर नवा गालिचा काढून टाकावा लागला, हे सत्य उरले. त्यानंतर तेथील गालिचा उत्पादकांच्या संघटनेने १९९२ साली उत्सर्जन तपासून ‘ग्रीन लेबल’ हे चिन्ह देण्यास आरंभ केला. आज मुंबईत आयात झालेल्या किंवा निर्यातीच्या दर्जाच्या गालिच्यांवर ‘ग्रीन लेबल प्लस’ असे चिन्ह आढळते, ते त्याच परंपरेतील आहे. कमी उत्सर्जनाची खूण म्हणून त्याला अर्थ आहे.

मात्र चिन्ह नसलेला गालिचाही पारखता येतो. त्यासाठी त्याची पाठ पाहावी. ग्राहक रंग, नक्षी आणि मऊपणा पाहतो, म्हणजे गालिच्याचे तोंड पाहतो. त्याचे आरोग्य मात्र पाठीवर लिहिलेले असते. गाठी मारून हाताने विणलेल्या गालिच्याची पाठ उलटली तर तीच नक्षी गाठींच्या रूपाने मागेही स्पष्ट दिसते. त्यात ताणा, बाणा आणि गाठ एवढेच असते, डिंक नसतो. सतरंजी, दरी किंवा जाजम यांनाही डिंक लागत नाही. त्यांचे विणकामच त्यांना धरून ठेवते. याउलट टफ्टेड गालिच्यात कापडावर यंत्राने किंवा हातातील बंदुकीने धागे टोचले जातात, ते निसटू नयेत म्हणून मागे रबराच्या लेपाचा थर देतात आणि तो झाकण्यासाठी आणखी एक कापड चिकटवतात. पाठीला कापड चिकटवलेले दिसले की हा डिंकाचा गालिचा, असे समजावे. काही वर्षांनी अशा गालिच्याखालून पांढरट भुकटी पडू लागते. ती सुकून कुजलेल्या लेपाची आणि त्यात मिसळलेल्या खडूची असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरून जमिनीला चिकटवलेल्या गालिच्यात तर पाठीवरच्या लेपाबरोबर खालच्या रबरी सोल्युशनचीही भर पडते, आणि त्या सोल्युशनमध्ये टोल्युइनसारखी तीव्र द्रावके असतात.

धाग्यांचा विचार जैन घरात केवळ आरोग्यापुरता राहत नाही. रेशमाच्या गालिच्यामागे कोशातील असंख्य जीवांची हत्या असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अनेक कुटुंबांनी रेशीम आधीच वर्ज्य केले आहे. लोकरीचे स्थान मात्र वेगळे आहे. श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींचा ओघा लोकरीच्या दशांचा असतो आणि श्रावकाचे कटासणेही लोकरीचेच असते. लोकरीचा एक गुण विज्ञानानेही मान्य केला आहे: ती हवेतील फॉर्मल्डिहाइड काही प्रमाणात शोषून घेऊन बांधून ठेवते. परंतु बाजारातील लोकरी गालिच्यांना कसर लागू नये म्हणून पर्मेथ्रिनसारखे कीटकनाशक चोळलेले असते. सूक्ष्म जीवांवर पाय पडू नये म्हणून ज्या घरात जपून पाऊल टाकले जाते, त्या घरात जीवांना मारण्यासाठीच भरलेले द्रव्य पायाखाली असावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. म्हणून लोकरी गालिचा घेताना कसरप्रतिबंधक प्रक्रिया केली आहे काय, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन इत्यादी कृत्रिम धाग्यांना कसर लागत नाही. परंतु त्यांना डाग पडू नयेत म्हणून दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप दिला जात असे. अशा रसायनांपैकी एक शरीरात आणि निसर्गात साचून राहते असे आढळल्यावर थ्री एम या कंपनीने २००० साली त्याचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि २००९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. तेव्हा ‘डाग पडत नाही’ ही जाहिरात वाचून आनंद मानण्यापूर्वी, डाग कशामुळे पडत नाही, हे विचारणे शहाणपणाचे.

भारतीय गालिच्याचा उल्लेख करताना भदोही आणि मिर्झापूरचे नाव प्रथम येते. भदोहीच्या हस्तनिर्मित गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकनही लाभले. या उद्योगात बालमजुरीचा कलंक होता. तो पुसण्यासाठी कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ साली ‘रगमार्क’ चिन्हाची योजना सुरू केली. पुढे तिचे नाव ‘गुडवीव्ह’ झाले. ज्याच्या विणीत बालकाचे डोळे आणि बोटे झिजली नाहीत असा गालिचा निवडणे, हीही जीवदयाच होय. महाराष्ट्राच्या अंगणात पाहायचे तर सोलापूरच्या सुती चादरी आणि सतरंज्या आहेतच. सोलापुरी चादर स्वतःच्या भौगोलिक मानांकनाने ओळखली जाते. सुती सतरंजी धुता येते, वाळवता येते, घडी घालून माळ्यावर ठेवता येते आणि तिला कोणताही वास नसतो.

येथे मुंबईच्या हवेचा मुद्दा येतो. गालिचा हे थंड आणि कोरड्या प्रदेशांचे वैभव आहे. पावसाळ्यात या शहरातील सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. त्या दमटपणात जाड, चिकटवलेला गालिचा ओल धरतो. त्यात बुरशी वाढते, धुळीतील सूक्ष्म कीटक वाढतात आणि त्यांचे अवशेष दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरतात. वैद्यकशास्त्र याला ॲलर्जीचे कारण म्हणते. आगम याला जीवोत्पत्ती म्हणतो. फुगीमध्ये अनंत जीव मानणाऱ्या समाजाने ती वाढण्याची सोय स्वतःच्या दिवाणखान्यात करून ठेवावी आणि मग ती मारण्यासाठी औषध फवारावे, यात दुहेरी दोष आहे. साधुजीवनात वस्त्राचे आणि पात्राचे दररोज पडिलेहण होते. प्रत्येक घडी उलगडून, डोळ्यांनी पाहून, हळुवार झटकून ती वस्तू वापरली जाते. ज्या वस्तूचे पडिलेहण होऊ शकत नाही ती वस्तू जयणेने वापरता येत नाही. या एका कसोटीने गालिच्याची निवड सोपी होते. जो उचलता येतो, झटकता येतो, उन्हात टाकता येतो आणि चातुर्मासाआधी गुंडाळून ठेवता येतो, तोच गालिचा मुंबईतल्या जैन घराला शोभतो. बाकी काळ कोटा, संगमरवर वा साध्या लादीची मोकळी जमीन पुरेशी आहे. ती पुसताच स्वच्छ होते आणि तिच्यावर चालणारी मुंगीही दिसते.

गालिचा डोळ्यांसमोर असतो. कपाटांच्या आतील पाट्या मात्र कुणी पाहत नाही. नव्या घरातील फॉर्मल्डिहाइडचा सर्वांत मोठा स्रोत तेथे असतो. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांत लाकडाचे पापुद्रे, भुसा वा तंतू युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंकाने जोडलेले असतात. उष्णता आणि दमटपणा वाढला की या डिंकातून वायू अधिक सुटतो. म्हणजे मुंबईचे हवामान त्याला पोषक आहे. कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला मनुष्यात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातील हवेसाठी त्याची मर्यादा दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीने, अशी सुचवली. भारतातील २००९ ची राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानके आहेत ती बाहेरील हवेसाठी; दाराच्या आतील हवेची राखण गृहस्थालाच करावी लागते.

या वायूने काय होऊ शकते हे अमेरिकेतील कॅटरीना वादळानंतर दिसले. २००५ च्या त्या वादळात बेघर झालेल्या कुटुंबांना सरकारने फिरती घरे दिली. घरे लहान, खिडक्या बंद, हवामान उष्ण आणि दमट, आतील भिंती आणि कपाटे दाबलेल्या लाकडाची. रहिवाशांना डोळ्यांचे, नाकाचे आणि श्वासाचे त्रास सुरू झाले. २००७-०८ च्या हिवाळ्यात तेथील रोगनियंत्रण केंद्राने ५१९ घरांची हवा तपासली. सरासरी फॉर्मल्डिहाइड दर अब्ज भागांत सुमारे ७७ भाग, आणि काही घरांत ५९० भागांपर्यंत आढळले. ही मोजणी थंडीत झालेली, म्हणजे उन्हाळ्यात प्रमाण याहून अधिक असणार. त्याच अनुभवातून २०१० साली तेथे दाबलेल्या लाकडाच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा झाला. लहान खोल्या, बंद खिडक्या, दमट उकाडा आणि भिंतभर कपाटे हे वर्णन उपनगरातील कोणत्याही दोन खोल्यांच्या घराला लागू पडते.

उपाय आहेत, आणि ते बाजारातच मिळतात. एमआर श्रेणीचे प्लाय बहुधा युरियाच्या डिंकाचे असते. बीडब्ल्यूआर आणि मरीन प्लाय फिनॉल-फॉर्मल्डिहाइड डिंकाने जोडलेले असते आणि त्यातून वायू पुष्कळ कमी सुटतो. म्हणून स्वयंपाकघरासाठीच नव्हे, तर मुलांच्या खोलीसाठीही वरची श्रेणी घेणे हिताचे. पाटीवर आयएसआय शिक्का आहे काय, त्याखाली साधारण प्लायसाठी आयएस ३०३, मरीनसाठी आयएस ७१०, पार्टिकल बोर्डसाठी आयएस ३०८७ आणि एमडीएफसाठी आयएस १२४०६ हे क्रमांक आहेत काय, हे पाहावे. उत्सर्जनाची ई-वन वा ई-झीरो श्रेणी लिहिलेली असल्यास तिचे प्रमाणपत्र मागावे. सुताराकडून आणखी एक काम आवर्जून करून घ्यावे. पैसे वाचवण्यासाठी कपाटाची पाठ, खणांचे तळ आणि पाट्यांच्या कापलेल्या कडा उघड्या सोडल्या जातात. वायू सर्वाधिक सुटतो तो याच उघड्या भागांतून. आतून-बाहेरून सनमायका आणि प्रत्येक कडेला पट्टी लावली तर उत्सर्जन बरेच रोखले जाते.

आणि एक उपाय विनामूल्य आहे. पुनर्विकासाच्या वेळी घर रिकामे करताना आजी-आजोबांचे सागवानी कपाट भंगारवाल्याला कवडीमोलाने दिले जाते आणि त्याच्या जागी नवे, चकचकीत, डिंकाने भरलेले कपाट येते. अखंड सागवानाला असा डिंक नसतो, आणि त्यावर कधी काळी केलेल्या पॉलिशचा वास केव्हाच उडून गेलेला असतो. ते घासूनपुसून नव्या घरात नेणे म्हणजे अपरिग्रहाचे पालन, पैशाची बचत आणि स्वच्छ हवा ही तिन्ही कामे एकत्र साधणे होय.

रंगांच्या बाबतीत देशाने एक महत्त्वाचे पाऊल उचलले आहे. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरवली गेली आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती अंमलात आली. शिसे मुलांच्या बुद्धीवर आघात करते. म्हणून जुन्या घरातील दारे-खिडक्यांवरचा पूर्वीचा ऑइलपेंट कोरडा घासून त्याची भुकटी घरभर उडू देऊ नये. पाण्याने ओला करून घासावा आणि त्या दिवशी मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. नव्या रंगात पाण्याचा आधार असलेले, कमी व्हीओसीचे रंग आता सर्वत्र उपलब्ध आहेत. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचे काम असल्यास ते कुटुंब राहायला येण्यापूर्वी पुरेसे आधी उरकावे.

रोजच्या सवयींतही बरेच काही दडलेले आहे. मच्छर मारणे नको म्हणून अनेक घरांत ‘केवळ पळवून लावणारी’ अगरबत्ती जाळली जाते. प्रत्यक्षात तिच्यात कीटकनाशकच असते आणि तिच्या धुरात सूक्ष्म कण मुबलक असतात. चीन आणि मलेशियातील अशा अगरबत्त्यांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक अगरबत्ती जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे आढळले. खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी, हा त्यावरील अहिंसक आणि निर्धूर पर्याय होय. कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. एका विशिष्ट आनुवंशिक उणिवेच्या नवजात बालकांत या वाफेने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची नोंद वैद्यकात आहे. बाळासाठी माळ्यावरून काढलेली जुनी दुपटी आणि झबली म्हणूनच धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावीत. कपाटात गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. ड्रायक्लीनिंगहून आलेले शालू आणि शेरवान्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून एक दिवस गॅलरीत टांगाव्यात. घरदेरासरातील धूप ही श्रद्धेची बाब आहे आणि ती तशीच राहावी. मात्र धूप चालू असताना खिडकी उघडी असावी आणि पाळणा त्या खोलीत नसावा, एवढी जयणा पूजेच्या भावाला बाध आणत नाही.

खिडकी उघडण्याचा सल्ला दिला की उपनगरातील गृहिणी रास्त प्रश्न विचारते: बाहेरची हवा तरी कुठे शुद्ध आहे? हा प्रश्न जुना आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांची ग्रामीण भागातील लोकांशी तुलना करून १९८० साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रदूषित भागांत खोकला, धाप आणि सर्दी यांचे प्रमाण अधिक दिसले. घाटकोपरला लागूनच चेंबूर आहे, आणि आज प्रत्येक गल्लीत बांधकामाची धूळ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने या धुळीसंबंधी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती ३५ फुटांचे पत्र्याचे कुंपण, बांधकामावर ओले हिरवे कापड, पाण्याची फवारणी अशा अटी तीत आहेत. शेजारच्या बांधकामावर त्या पाळल्या जात नसतील तर सोसायटीने विभाग कार्यालयात लेखी तक्रार करावी. परंतु बाहेर धूळ आहे म्हणून घर सतत बंद ठेवणे हा उपाय नव्हे. बंद घरात फर्निचरचे वायू साचत जातात, आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. काम थांबलेले असते अशा वेळी, म्हणजे पहाटे, दुपारच्या सुट्टीत वा रविवारी, समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडाव्यात. हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले तरी त्यातील हेपा गाळणी धूळ अडवते, वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा भरपूर थर असलेले यंत्र लागते. कुंड्यांतील झाडांवरही फार भिस्त ठेवू नये. १९८९ च्या ज्या नासाच्या प्रयोगामुळे झाडांची ही कीर्ती झाली, तो छोट्या बंद पेट्यांत केलेला होता. प्रत्यक्ष घरात तोच परिणाम साधायला घराचे जंगल करावे लागेल.

हा विषय घराच्या उंबरठ्याशी संपत नाही. जैन समाज हा ग्राहक आहे, तसा विक्रेताही आहे. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, मशीद बंदरच्या वडगादीतील रसायनांच्या पेढ्यांवर, उपनगरातील प्लायवूड, लॅमिनेट, रंग आणि पडदे-गालिच्यांच्या दुकानांत समाजबांधव मोठ्या संख्येने आहेत. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रसंगी सातव्या व्रताचे अतिचार सांगताना पंधरा कर्मादाने येतात, आणि त्यांत विषवाणिज्याचा समावेश आहे. शिक्का असलेले प्लाय वा परवानगीचा रंग विकणे म्हणजे विषवाणिज्य, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु शिक्का नसलेली पाटी ‘वरच्या दर्जाची’ म्हणून देणे, किंवा घरात नवजात बाळ आहे हे ठाऊक असूनही तीव्र वासाचा माल मौनाने बांधून देणे, याकडे विवेकी व्यापारी त्या कसोटीवर घासून पाहील. वीस पाट्यांच्या कामात एमआर आणि बीडब्ल्यूआर यांच्या दरातील फरक ग्राहकाला जड वाटतो हे खरे; तथापि त्याला फरक समजावून सांगणे हे विक्रेत्याच्या हाती असते. बिलावर श्रेणी आणि आयएस क्रमांक स्पष्ट लिहिणारी पेढी आज किंचित महाग दिसेल. पण एका घरात विश्वास बसला की साऱ्या सोसायटीचे काम त्याच पेढीकडे येते, हे जुने व्यापारी जाणतात.

जैन दर्शनाने वायूकडे केवळ श्वासाचे साधन म्हणून पाहिले नाही; षट्कायांत वायुकायाची गणना केली आणि आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात त्याच्या हिंसेविषयी सावध केले. मुखवस्त्रिका बांधणाऱ्या परंपरेला हवेतील जीवांची जाणीव विज्ञानाच्या किती तरी आधीपासून आहे. आजच्या घरात ती जाणीव जपायची असेल तर पहिला नियम मुहूर्ताच्या बाबतीत घेता येईल. कुंभस्थापना ठरलेल्या दिवशी अवश्य व्हावी, मंगल विधी व्हावेत. परंतु रंग, पॉलिश आणि सुतारकाम त्यापूर्वी निदान चार आठवडे संपलेले असावे आणि तेवढे दिवस कपाटांची दारे, खण व खिडक्या उघड्या ठेवून पंखे चालू ठेवावेत. ते शक्य झाले नाही तर विधी करून कुटुंबाने काही आठवडे जुन्या घरी राहावे. विशेषतः घरात गर्भवती वा तान्हे बाळ असेल तर याबाबत मुळीच तडजोड करू नये. वैशाख-ज्येष्ठातील उन्हाळा या कामास उत्तम, कारण उकाड्यात वायू लवकर सुटून जातात आणि पावसाळ्यात खिडक्या बंद होण्यापूर्वी घर मोकळे होते. उरलेले नियम चातुर्मासात सहज पाळता येतील: गालिचा गुंडाळून ठेवणे, मच्छर-अगरबत्तीचा त्याग, डांबरगोळ्यांचा त्याग आणि दररोज अर्धा तास मोकळी हवा. ज्यांना प्रत्याख्यान घेण्याची सवय आहे, त्यांना हे कठीण वाटू नये. पर्युषणात घरचे सारे एका ओळीत बसून प्रतिक्रमण करतील, तेव्हा त्यांच्या कटासण्यांखाली स्वच्छ पुसलेली लादी असेल आणि आत घेतलेला श्वास कोणालाही झोंबणार नाही.